वाल कोणी सोलायचे, विजू?

विजू,

तुझ्या तेराव्याला गोड काय करायचं यावर घरात बराच खल चालला होता. कोणी श्रीखंड म्हणालं, कोणी बासुंदी. मी म्हटलं, गोडाचं तुम्ही काय वाट्टेल ते करा, पण पानात वालाचं बिरडं पाहिजे. चुलतसासूबाईंनी डोळे मोठे केले. "अगं, तेराव्याला वाल कोण करतं?" मी म्हटलं, "मी करते." तू असतीस तर माझ्यामागे उभी राहून खुदखुदली असतीस, आणि मग साळसूद चेहऱ्यानं त्यांना म्हणाली असतीस, "काकू, वहिनीच्या डोक्याचा एक फोटो काढून घेऊ या का?"

वाल भिजवले, फडक्यात बांधून ठेवले, छान मोड आले. कोमट पाण्यात टाकून परात पुढ्यात घेतली आणि माझा हात थांबला. सोलायचे कोणी? आपल्या शेवटच्या भांडणाचा निकाल लागलाच नव्हता ना! तो लागायच्या आत तू उठून गेलीस. सकाळच्या फिल्म वाचता वाचता, खुर्चीतल्या खुर्चीत. हृदय बंद पडलं म्हणे. आयुष्यभर लोकांच्या मेंदूत डोकावलीस, तेव्हा हे तुझं हृदय तिकडे एकटंच कुरकुरत बसलं असणार, आणि तुला पत्ता नाही. मी असते तर विचारलं असतं. माझं शास्त्रच विचारायचं. पण आता हे भांडण नको, आधीचंच संपलेलं नाही.

लोकांना वाटतं, नणंद-भावजय भांडतात त्या दागिन्यांवरून आणि स्वयंपाकघरावरून. आपण भांडायचो बेशुद्धीवरून. मी फिजिशियन, पनवेलला मिरची गल्लीच्या मागे माझा दवाखाना आणि चार खाटा. तू रेडिओलॉजिस्ट, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात शिकून आलेली. एखादा पेशंट बरळत आला, घरच्यांना ओळखेनासा झाला, डोळे उघडून बघतोय पण घरात कोणी नाही असा झाला, तर आधी काय करायचं, एवढाच आपला वाद. मी म्हणायची, आधी बोट टोचून साखर बघायची, ताप-प्रेशर बघायचं, आणि बरोबरच्या माणसांना विचारायचं. काय खाल्लं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, कुठे पडलाबिडला का. कितीतरी माणसं तेवढ्यावरच उठून बसतात. तू म्हणायचीस, "हो, विचारत बस. आत रक्त साकळतंय आणि वहिनी विचारतेय, काल जेवणात काय होतं!"

मी म्हणायची, "तुझं म्हणजे आधी फोटो, मग माणूस."

"आणि तुझं म्हणजे आधी गप्पा, मग रुग्णवाहिका."

वाद चिघळला की मी तुला 'अहो वन्सं' म्हणायला लागायची. तेवढं ऐकलं की तुझा दादा, म्हणजे माझे हे, शाळेतले वह्यांचे गठ्ठे बाजूला सारून मुकाट्यानं चहाचं आधण ठेवायचे. गणिताचा मास्तर! पण आपल्या दोघींचं उत्तर काही त्यांना कधी काढता आलं नाही.

तुझं म्हणणं पुराव्यानिशी खोडून काढायला सुरुवातीला सोपं होतं, कारण पनवेलात मशीनच नव्हतं. डोक्याचा सी.टी. काढायचा म्हणजे पेशंट जीपमध्ये घालायचा आणि खाडीपूल ओलांडून मुंबई गाठायची. मी कितीदा गेलेय तशी, मागच्या सीटवर पेशंटचं डोकं मांडीवर धरून, पुलावर गाड्या तुंबल्या की ड्रायव्हरवर खेकसत. अशीच एकदा तुझ्या हॉस्पिटलात पोचले. तू पायऱ्यांवर उभी होतीस. पेशंटला आत नेलंस, बाहेर आलीस आणि म्हणालीस, "उशीर झाला, वहिनी."  आणि मग एकदम म्हणालीस, "हे मशीन पुलाच्या त्या बाजूला पाहिजे."

सगळ्यांनी तुला वेड्यात काढलं. पनवेलला कोण डोक्याचे फोटो काढून घेणार! मीसुद्धा म्हटलं, खोटं कशाला बोलू. पण तू हट्टाला पेटलीस की कोणाचं चालायचं? मशीन आलं, जुनंच पण चालतं, ट्रकमधून, ताडपत्रीत गुंडाळलेलं. एस.टी. स्टँडपासून पोरं ट्रकच्या मागे धावत आली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पिठाची गिरण हाय का?" तू म्हणालीस, "हो आजोबा, डोकी दळतो." तो जो सुसाट निघाला तो पुन्हा त्या गल्लीत दिसला नाही. पुढे गावात मशीनचं नाव 'बोगदा' पडलं. 'डॉक्टरीणबाईंनी बोगद्यात घालायला सांगितलंय' असं लोक सांगायचे आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा.

जागा मिळाली ती जुन्या इमारतीत. भिंती जाड, छत मजबूत, पण मशीनच्या खोलीचं दार बुटकं. त्याला शिशाचा पत्रा ठोकल्यावर ते आणखीच बुटकं झालं. तू आणि मी आरामात जायचो. तुझा दादा ताडमाड उंच. पहिल्या दिवसापासून तू ओरडायचीस, "दादा, डोकं!" आणि ते वाकायचे.

पैज कधी सुरू झाली ते आठवतंय? कोन गावाहून एक बाप्या आपल्या आईला घेऊन आला होता. "डाक्टरीण, म्हातारी सकालपास्नं कायबाय बोलते. मला वलखत नाय." तू तेव्हा माझ्या दवाखान्यातच चहा पीत होतीस. कप ठेवून उठलीस, "मशीन तापवते." मी म्हटलं, "बस खाली. साखरेचं आहे." तू म्हणालीस, "लाव पैज." दवाखान्यामागच्या आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी परातभर वाल पडले होते आणि सोलायचा दोघींनाही कंटाळा. तुझ्या दादानं ओट्याजवळून निवाडा दिला, हरेल तिनं वाल सोलायचे. म्हातारीची साखर पार तळाला गेली होती. शिरेतून ग्लुकोज जातंय न जातंय तोच तिनं डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि पोराला फैलावर घेतलं, "माज्या कोंबऱ्यांना दाना टाकला काय रं? का मी मेल्यावं टाकशील?" तू गुपचूप जाऊन परातीपुढे बसलीस. एकेक वाल चिमटीत दाबायचीस, तो सुळकन उडून फ्रिजखाली जायचा, आणि तू त्याला शिव्या घालायचीस. मी चहा पीत मजा बघत बसले. काय सुख होतं गं ते!

पण तूही काही कमी वेळा जिंकली नाहीस. त्या उरणच्या अम्मी. रमजानचे दिवस, त्यांच्या सुनेनं रिक्षातून आणलं होतं. "डॉक्टरसाहेब, अम्मींचा रोजा आहे. दुपारपासून उलटसुलट बोलतायत. अल्ला कसम, सकाळी ठणठणीत होत्या." मी म्हटलं, ऊन, उपास, अंगातलं पाणी कमी झालंय, सलाइन लावा. तू नुसतं पाणी प्यायला म्हणून आत आली होतीस. अम्मींनी तुला सलाम केला, तो डाव्या हातानं. तू मला डोळ्यांनी खुणावलंस. उजवा हात उचलतच नव्हता. तासाभरात तू फिल्म माझ्यासमोर उजेडात धरलीस, आत पांढराशुभ्र डाग. रक्त. त्या वाचल्या. त्यांचा मुलगा आखातातून आला की तुझ्यासाठी खजूर आणायचा, माझ्यासाठी नाही. मी सबंध आठवडा वाल सोलले आणि तू डायनिंग टेबलावर पाय हलवत बसून मला सांगत होतीस, "वहिनी, तो बघ, त्या वालाचं साल राहिलंय."

असं आपलं चाललं होतं. खरं सांगू, पैजेच्या निमित्तानं पेशंटचं भलं व्हायचं. मी विचारायचं विसरले तर तू हसशील या धाकानं मी सगळं विचारायची. तू उगाच फोटो काढलास तर मी टोचून बोलेन म्हणून तूही आधी मला फोन करायचीस, "साखर बघितलीस ना, बाई?" पण समोरासमोर कबूल करायचं नाव नको.

आणि मग ती भाऊबीज.

आधी दसरा सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. दर दसऱ्याला तू मशीनची पूजा करायचीस. बोगद्याला हळदकुंकू, कडेला आपट्याची पानं, आणि मशीनच्या खोलीच्या दाराला झेंडूचं तोरण. ते बांधायचा मान तुझ्या दादाचा. त्या वर्षी ते स्टुलावर चढले, तोरण बांधलं, खाली उतरले, 'कसं दिसतंय' म्हणून मागे सरकले आणि आत जायला म्हणून वळले ते धाडकन दारावर. तू पेढे वाटत होतीस, 'डोकं' म्हणायचं राहिलं. केवढा आवाज झाला! आधी सगळे दचकलो, मग सगळे हसलो, तेही हसले. तुझा तंत्रज्ञ म्हात्रे, करंजाड्याचा, म्हणाला, "सरांनी नारळ फोरला." तू टेंगळावर पूजेतली हळद लावलीस, तोंडात पेढा कोंबलास. बेशुद्धीवरून भांडणाऱ्या दोन डॉक्टरणी तिथे उभ्या होत्या, आणि दोघींच्याही मनात काही आलं नाही. दुसऱ्या कोणाचा नवरा असता, दुसऱ्या कोणाचा भाऊ असता, तर आपण त्याला पुढचा महिनाभर प्रश्न विचारून विचारून हैराण केलं असतं.

दिवाळीत यांचं डोकं दुखायला लागलं. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल, फराळ तेलकट झाला असेल. भाऊबीजेच्या सकाळी हे चहा करायला उठले आणि सगळ्यांच्या कपात मीठ घातलं. मी हसले. मग वर्तमानपत्राची नीट घडी करून ती फ्रिजमध्ये ठेवली. मी तरी हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आई, विजू शाळेतून आली का?"

आई! सासूबाई जाऊन किती वर्षं झालेली. मी खुर्चीवर बसवलं, बोट टोचलं. साखर चोख. प्रेशर चोख. ताप नाही. "सातात पाच मिळवले तर किती?" हे उभं आयुष्य गणित शिकवलेल्या माणसाला विचारलं. त्यांनी बराच विचार केला आणि गोड हसून म्हणाले, "पुष्कळ."

 रिक्षा बोलावली, त्यांना आत कोंबलं आणि तुझ्याकडे आणलं. तू सकाळच्या एका पेशंटसाठी सेंटरवर गेली होतीस, तिथूनच ओवाळायला येणार होतीस. नवी साडी नेसलेली. ओवाळणीचं तबक तयार करून टेबलावर झाकून ठेवलेलं. मी दारातूनच ओरडले, "फोटो काढ!"

आणि तू काय केलंस? तू, जिनं बोगद्यात घातल्याशिवाय माणसाला माणूस म्हटलं नाही, ती तू मला विचारायला लागलीस. "साखर बघितलीस?"

"बघितली."

"गोळ्या कुठल्या घेतो? झोपेचं काही घेतलं का? सोडियम पाठवलंस? ताप आला होता का? फराळात काय—"

"अहो वन्सं!" मी किंचाळले. "मशीन सुरू करा!"

तू माझ्याकडे बघितलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी फोटो मागत होते आणि तू टाळत होतीस. दोघींच्याही ते लक्षात आलं, पण हसायला वेळ नव्हता.

तुझा दादा टेबलावर पडून राहीनात. सारखे उठून बसायचे, म्हात्रेला 'गृहपाठ दाखव' म्हणायचे. डोकं हललं की फोटो फुकट. कोणीतरी आत उभं राहून डोकं धरायला हवं होतं. शिशाचा एप्रन मी उचलला. तू तो माझ्या हातातून काढून घेतलास. "मी धरते. तो माझं ऐकतो. तू पडद्यासमोर बस."

"मला काय कळतंय त्यातलं!"

"मी विचारेन ते सांग."

दार लागलं. मधल्या काचेतून मला तुझी पाठ दिसत होती, नव्या साडीवर तो अवजड एप्रन. मशीन घरघरायला लागलं. तुझं काहीतरी सारखं बोलणं चालू होतं, पण त्या घरघरीत ते ऐकू येत नव्हतं. पडद्यावर वरपासून खालपर्यंत एकेक काप उमटायला लागला, आणि मी, जिनं तुझ्या फोटोंना आजवर 'काळ्यापांढऱ्या पोळ्या' म्हटलं होतं, ती डोळे फाडफाडून बघत होते. मशीन मधे थांबलं की स्पीकरमधून तुझी आरोळी यायची.

"वहिनी, काय दिसतंय?"

"कवटी."

"कर्म माझं! कवटी सगळ्यांनाच असते. आत काय?"

म्हात्रे बिचारा खाली मान घालून बटणं दाबत होता.

"मधली रेष सरळ आहे का?"

मी बघितलं. नव्हती. कोणीतरी अंगठ्यानं ढकलल्यासारखी एका बाजूला गेली होती. "वाकडी आहे, विजू."

 मग पुढचे काप सुरू झाले. तुझा दादा कुरबुरायला लागले तसा तुझा आवाज चढला, आता तो घरघरीवरून ऐकू येत होता. तू त्यांना लहान मुलासारखं समजावत होतीस. "दादा, हलू नको रे. डोक्याला काय झालं सांग बघू? बाऊ कोणी केला?" आणि त्यांचा आवाज आला, रुसलेल्या पोराचा. "दारानं मारलं."

त्याच क्षणी पडद्यावर कवटीच्या आतल्या बाजूला चिकटलेली करडी चंद्रकोर उमटली.

"दार! वहिनी, दसऱ्याला, दार!" तू आतून ओरडलीस.

"कोर! विजू, कोर आहे, डावीकडे!" मी बाहेरून ओरडले.

आणि तशाही अवस्थेत तू मला झापलंस. "पडद्यावरची डावी म्हणजे दादाची उजवी, बाई! समोर उभ्या माणसाची बघतेस तशी बघ!"

दाराचा तो मार लागल्यापासून आत रक्त थेंबथेंब साचत होतं. जुनं रक्त, हळूहळू मेंदू दाबणारं. आणि तेच तर भाग्य! मेंदूवर साचलेलं ते रक्त काढता येतं. वेळेत पोचलं तर माणूस जसाच्या तसा परत येतो. दोघींनाही हे ठाऊक होतं. तरी दार उघडून तू बाहेर आलीस तेव्हा पडद्याकडे बघितलं नाहीस. सरळ फोनकडे गेलीस, मुंबईच्या सर्जनना गाठलंस, फिल्म म्हात्रेनं लिफाफ्यात घातल्या, आणि आपण तिघं त्याच खाडीपुलावरून निघालो. त्या दिवशी पूल मोकळा होता. भाऊबीजेला सगळे आपापल्या बहिणींकडे जेवत बसले असणार.

सर्जननं कवटीला दोन लहान भोकं पाडली. इंजिनातल्या जुन्या तेलासारखं काळपट पाणी आपोआप बाहेर आलं म्हणाले. दुसऱ्या दिवशी आपल्याला आत सोडलं. डोकं तुळतुळीत, त्यावर पांढरी पगडी. डोळे उघडले, आधी तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आपण दोघी रडून रडून भोपळ्यासारख्या सुजलो होतो. ते खोल आवाजात म्हणाले, "मग? या वेळी वाल कोणी सोलायचे?"

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तुला ओवाळायचं होतं, पण ऑक्सिजनजवळ निरांजन कोण लावू देणार? तू पर्समधून पेनटॉर्च काढलास, ज्यानं डोळ्यांच्या बाहुल्या तपासतात तो, आणि तोच त्यांच्या तोंडावरून तीनदा ओवाळलास. ओवाळता ओवाळता तुझ्यातली डॉक्टरीण काही गप्प बसेना. "दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत," म्हणालीस आणि पुन्हा रडायला लागलीस. शेजारच्या खाटेवरची बाई आपल्या नवऱ्याला सांगत होती, "बघा, डॉक्टर लोकांची भाऊबीज अशी असते."

पुढे सगळं छान झालं. तू त्या दारावर जुन्या उशीचा कापूस ठोकून लाल कापड लावलंस. ते सेंटरवर आले की तू कुठल्याही खोलीतून ओरडायचीस, "दादा, डोकं!" पेशंटसुद्धा डोकं खाली घालायचे.

आणि पैज? तिथेच तर घोडं अडलं. तू म्हणायचीस, "फोटो काढला म्हणून कळलं. बोगदा जिंकला, म्हणजे मी जिंकले." मी म्हणायची, "डोंबल! विचारलं म्हणून कळलं. दारानं मारलं हे त्यांनी तोंडानं सांगितलं."

"मग विचारलं कोणी? मी!"

"आणि बघितलं कोणी? मी!"

"बाजू चुकलीस."

"रोग नाही चुकले."

आधी कोण ओरडलं, दार आधी की कोर आधी? साक्षीला एकटा म्हात्रे. त्याला किती वेळा विचारलं असेल आपण! तो दर वेळी तेच सांगायचा, "माजं लक्ष बटनावर होतं, ताई. मला या भानगरीत पारू नका." त्या हिवाळ्यात वाल दोनदा भिजवले आणि दोन्ही वेळा कोणी सोलेना. मोड इतके वाढले की कुंडीत लावायचे झाले. शेवटी तुझ्या दादानंच पगडी सांभाळत सोलले. नंतर कितीतरी नव्या पैजा लागल्या, जिंकलो, हरलो, पण ती एक काही मिटली नाही. दर भाऊबीजेला जेवताना ती निघायचीच. परवा, तू गेलीस त्याच्या आदल्या रविवारीसुद्धा जिन्यावरून उतरताना तू म्हणालीस, "वहिनी, मरायच्या आधी एकदा कबूल कर." मी म्हटलं, "तू कर, तू धाकटी आहेस." काय बोलतो गं आपण!

एक गोष्ट मात्र मी तुला कधीच विचारली नाही. विचारायचं माझं शास्त्र, आणि हीच विचारली नाही. डोकं काय, म्हात्रेनं धरलं असतं, मी धरलं असतं. तू तो एप्रन माझ्या हातातून ओढून घेतलास तो तुझा दादा तुझंच ऐकतो म्हणून, की पडद्याकडे बघायची तुझी छाती झाली नाही म्हणून? आणि छाती झाली नाही, तर फोटोंना काळ्यापांढऱ्या पोळ्या म्हणणाऱ्या बाईला कशी गं त्या खुर्चीत बसवलीस?

तर काल मी परात पुढ्यात घेऊन बसले होते. तुझा दादा येऊन समोर बसले. न बोलता एक वाटी ओढली आणि सोलायला लागले. त्यांना छान येतं, तुझ्यासारखे फ्रिजखाली उडवत नाहीत. मी म्हटलं, "आता तरी सांगा. त्या दिवशी आधी कोण बोललं?"

"मला कुठलं आठवतंय? दारानं मारलं म्हणालो ते तुम्हीच मला सांगितलंत."

"काहीच आठवत नाही?"

ते वाल सोलत राहिले. मग म्हणाले, "मशीनचा आवाज आठवतो. आणि तिचे हात. कानावर धरलेले. बर्फासारखे गार होते. आणि ती सारखी एकच सांगत होती. 'दादा, घाबरू नको. वहिनी बघतेय. वहिनी बघतेय ना, मग झालं.' सबंध वेळ तेच."

मी वाल खाली ठेवला. "आणि हे तुम्ही मला इतकी वर्षं सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुमचं भांडण मिटलं असतं," ते म्हणाले. "मला ते ऐकायला आवडायचं."

मी रडले, विजू, खूप रडले, आणि रडताना हसूही आलं, कारण तू काय लबाड आहेस! तोंडावर मला म्हणायचीस, वहिनीला कवटी आणि कलिंगड यातला फरक कळत नाही. आणि तिकडे काचेपलीकडे, माझ्याकडे पाठ करून, आपल्या भावाचा जीव माझ्या डोळ्यांवर टाकून मोकळी झालीस. थँक यू म्हणायची आपल्या घरात पद्धत नाही. म्हणून मी कधी म्हटलं नाही. आता म्हणते. माझा नवरा मला परत दिलास. आणि माझ्यावर केवढा विश्वास टाकलास, तोही चोरून!

आज दुपारी करंजाड्याहून एक पेशंट आला. दारू नाही, ताप नाही, साखर चोख, आणि बायकोला ओळखत नव्हता. मी सगळं विचारलं, तू शिकवलंस तसं हातपाय उचलून बघितले, आणि लगेच तुझ्या सेंटरवर पाठवला. वाशीहून नवीन डॉक्टर आलाय, पोरगेला, चांगला आहे. मीही गेले आणि पडद्यासमोर त्याच्या शेजारी बसले. त्यानं मला 'मॅडम, डावी-उजवी उलटी असते हां' असं सांगितलं. मी म्हटलं, "बाळा, मला माहीत आहे. कसं कळलं ते विचारू नको." तुझा दादा किल्ल्या द्यायला आले होते. मशीनच्या दाराशी येऊन थांबले आणि आत जाईनात, नुसते उभे राहिले. कशाची वाट बघतायत ते मला कळलं. मी खुर्चीतून ओरडले, "अहो, डोकं!" तेव्हा ते वाकले.

उद्या तुझं तेरावं. वाल सगळे सोलून झालेत, विजू. तू जिंकलीस. तुझ्या वाटणीचेही मीच सोलले.